चिकटी

आमच्या घरात कापूस नाही अशी जागा शोधूनही सापडली नसती. अब्बा गाद्या-उशा भरायचे. पुढच्या खोलीत छताला टांगलेली, कापूस पिंजायची धुनकी सकाळपासून चालायची. लाकडी हत्थ्याचा ठोका तिच्या ताणलेल्या तातीवर पडला की आधी एक जाड आवाज, मग त्याच्या मागून लांबत जाणारा बारीक आवाज, आणि खोलीभर पांढरं धुकं. तो कापूस वरणात पडायचा, पिण्याच्या माठावर साचायचा, वहीच्या पानांत शिरायचा. शाळेत पुढच्या-मागच्या बाकावरच्या मुली माझ्या वेणीतून कापूस वेचून एकमेकींच्या डोक्यावर ठेवायच्या आणि मला म्हातारी म्हणायच्या. आता खरोखरच केस पांढरे झालेत, तर कुणी वेचायला नाही. शहाद्यातल्या त्या गल्लीत आम्ही पिंजारी म्हणून ओळखले जात होतो, बाहेर अहिराणी बोलत होतो, घरात आमची ती धेडगुजरी हिंदी आणि शाळेत मराठी. तीन भाषा येतात म्हणून मी स्वतःला फार शहाणी समजायचे.

घरात माणसं चारच. अब्बा, अम्मी, मी आणि अब्बांची थोरली बहीण हाजरा फुफी. फुफी तरुणपणी विधवा होऊन भावाकडे आली ती कायमचीच. घर तिचं होतं म्हणा ना. बाजार तिचा, चूल तिची, पाहुण्यांची ऊठबस तिची आणि बोलणंही बहुतेक तिचंच. ती कडक होती पण वाईट नव्हती. मला शेंगदाण्याची चटणी लावलेली गरम भाकरी हातात देऊन मगच रागावायची. अम्मी त्या घरात काम करायची. गाद्यांच्या खोळी शिवायची, दोरे घालायची, भांडी घासायची, आणि सगळ्यांचं झाल्यावर चुलीकडे तोंड करून जेवायची. तिचं बोलणं मोजकं. 'हौ', 'नको' आणि 'रहने दो' एवढ्यात तिचा दिवस पार पडायचा. माझ्या पाठीवर तिला मूल राहिलं नाही. मला वाटायचं, ती मुळातच अबोल आहे. काही माणसं उंच असतात, काही बुटकी, तशी ही अबोल.

अम्मी पहाडातली होती. धडगावच्या अलीकडे घाटात एक गाव आहे, तिथे तिच्या वडिलांचं मीठ-मिरची-घासलेटचं दुकान होतं. साऱ्या गावात मुसलमानाचं घर तेवढंच, बाकी सगळे पावरा आदिवासी. मी कळत्या वयाची होण्याआधीच नाना-नानी गेले, मामू दुकान विकून सुरतेला गेला आणि अम्मीचं माहेर संपलं. फुफी कधी कौतुकाने, कधी चिडून तिला 'पहाडन' म्हणायची. त्या गावाबद्दल अम्मीला कुणी काही विचारल्याचं मला आठवत नाही. मीही विचारलं नाही. आई म्हणजे जन्मल्यापासून आपल्याच घरात असलेली बाई, असा काहीतरी माझा समज होता.

माझी बारावीची परीक्षा संपली आणि अम्मी आजारी पडली. टायफॉईड निघाला. ताप खूप चढला, खूप दिवस राहिला आणि मग एकदाचा उतरला, पण ती काही उठेना. तिचं जेवणच सुटलं होतं. फुफीने खिमट केलं, साबुदाण्याची खीर केली, कोंबडीचा शोरबा केला, शेजारून कढी आणली. अम्मी चमचाभर तोंडात घ्यायची, तशीच धरून ठेवायची आणि हळूच वाटीत परत सोडायची. मग भिंतीकडे तोंड करून निजायची. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. डॉक्टरांनी अब्बांना बाहेर नेऊन सांगितलं की रोग गेलेला आहे, आता औषधाचं काम उरलेलं नाही. बाई जेवली तर वाचेल, नाही जेवली तर मी काही करू शकणार नाही. अब्बा आत आले आणि धुनकीसमोर बसले. हत्था हातात घेतला, पण ठोका काही घातला नाही. त्या घरातली शांतता मला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आली आणि मला भीती वाटली. ती मरेल असं वाटत होतं, आणि ती गेली तर आवाज करत जाणार नाही, हेही वाटत होतं.

एके संध्याकाळी मी तिचं अंग पुसत असताना ती भिंतीकडे पाहूनच म्हणाली, ''चिकटी मिलती क्या?''

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पुन्हा विचारलं तर म्हणाली, चिकटीचं सालन, पातळ रस्सा. एवढं बोलून तिने डोळे मिटले. मी धावत पुढे गेले. अब्बा इतके झटकन उठले की मांडीवरचा कापूस सगळा खाली सांडला. एवढ्या वर्षांत तिने काही मागितल्याचं हे पहिलंच. चिकटी म्हणजे मासा, हे शहाद्यात कुणालाही विचारायची गरज नव्हती. सारंगखेड्याहून तापीचे मासे घेऊन येणारी सुंदराबाई भोईण बाजारात बसायची आणि तिच्या पाटीत चिकटी असायचीच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्यासमोर उभी होते.

सुंदराबाईची चिकटी म्हणजे चांदीच्या पट्टीसारखा चपटा मासा. अंगावर एकही खवला नाही, तोंड मोठं, पाठीवर नावापुरता एक बारीकसा पर आणि पोटाखालून शेपटीपर्यंत गेलेली लांब झालर. अंगाला असा चिकट बुळबुळीतपणा, की धरला की सुटतो आणि हात मात्र दिवसभर चिकट राहतो. फुफीने खोबरं भाजून, काळा मसाला घालून तो असा शिजवला की गल्लीत वास गेला. अम्मीला आम्ही भिंतीला टेकवून बसवलं. तिने घास घेतला, जरा वेळ चघळला आणि मान हलवली. ''ये नहीं,'' म्हणाली. फुफीने बाजू सावरत म्हटलं की हीच ती, अगं हात लावून बघ, कशी चिपकते. अम्मीला पुन्हा विचारलं, तुझी चिकटी चिपकते ना? ती म्हणाली, हौ. मग हीच की, असं म्हणून फुफीने दुसरा घास पुढे केला. अम्मी म्हणाली, ''रहने दो.''

फुफीचा निष्कर्ष असा की तापाने जिभेची चव गेली आहे. माझा निष्कर्ष असा की मासा चुकला आहे. मी नुकतीच विज्ञानाची परीक्षा दिली होती आणि माझ्या अंगात तेव्हा भलताच शास्त्रीयपणा भरला होता. मी सुंदराबाईकडे जाऊन तिच्या पाटीतला एकेक बिनखवल्याचा मासा उचलून पाहायला लागले. मिशावाले मासे सगळे सारखेच दिसतात, असं लोकांना वाटतं. मलाही वाटायचं. पण मिशा मोजायला लागलं की ते एकमेकांपासून सुटे व्हायला लागतात. सुंदराबाईच्या चिकटीला मिशांच्या दोनच जोड्या. शिंगटीला चार, आणि त्यातली वरची जोडी इतकी लांब की शेपटीकडे पोचायला निघालेली. शिवाय पाठीवर आणि दोन्ही बाजूंना काटे, आणि धरली की कर्र-कर्र अशी कुरकुरते. शिंगी काळसर-तांबूस, चार जोड्या, पाठीवर पर एवढासा. मांगूरही तसाच, चारच जोड्या, पण त्याचा पाठीवरचा पर डोक्यामागून सुरू होतो तो थेट शेपटीजवळ संपतो. लहान मांगूर आणि मोठी शिंगी अंधारात सारखे वाटतील, पण पाठीवरून बोट फिरवलं की संशय राहत नाही. हे मला कुणी शिकवलं नाही आणि पुस्तकातही मी तेव्हा वाचलेलं नव्हतं. आईला यातलं नेमकं काय हवंय, एवढ्यासाठी मी पाटीशी उकिडवी बसून मोजत होते.

सुंदराबाईला त्याची मोठी मजा वाटायची. शेजारच्या भाजीवालीला हाका मारून म्हणायची, ''हाई देख व, पिंजारीनी पोर मिशा मोजी ऱ्हायनी. नवरदेवन्या बी मोजीसनच लगीन करशी का व माय?'' बाजारात हशा व्हायचा. पुढे मी लग्न केलं नाही, तेव्हा हेच वाक्य गल्लीत बरीच वर्षं फिरलं, आणि मला ते आवडायचं. प्राणिशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. आजही जुने विद्यार्थी फोनवर माशाचे फोटो पाठवून विचारतात, मॅडम, हा कोणता. मी पहिली विचारणा करते ती मिशांची. फोटोत मिशा नीट दिसत नाहीत, लोक मासा आडवा ठेवून फोटो काढतात, मग मी उत्तरच देत नाही.

तर एकेक मासा घरी येत गेला. शिंगटीचं सालन अम्मीने वास घेऊनच परत केलं. शिंगी आली त्या दिवशी वेगळंच घडलं. मी फुफीला चारदा सांगितलं होतं की राख लावून डोक्याशी धर, बाजूचा काटा विषारी असतो. फुफी म्हणाली, माझ्या चुलीत मला अक्कल शिकवू नको. पुढच्या क्षणी ती अंगठा धरून अशी किंचाळली की अब्बा धुनकी टाकून धावत आले. सुंदराबाईने आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे मी फुफीचा हात सोसवेल तितक्या कढत पाण्यात धरला. दुपारपर्यंत ती शिंगीच्या सात पिढ्यांना शिव्या देत होती. दाराच्या फटीतून मी अम्मीकडे पाहिलं तर तिच्या ओठांवर किंचित हसू होतं. तिने शिंगी मात्र खाल्ली नाही. मांगूर ओल्या गोणपाटात जिवंत आणला, ताकद येते म्हणून आजाऱ्याला मुद्दाम देतात तसा. एक घास गिळला तिने, आमच्यासाठी. मग तोच शब्द. ये नहीं.

त्या रात्री जेवताना अब्बांनी एक गोष्ट विचारली आणि ती माझ्या मनात रुतून बसली. ते म्हणाले, ''इसको पसंद क्या था, हाजरा आपा?'' अम्मीला काय आवडायचं. फुफी विचारात पडली. तिला माझी आवड ठाऊक होती, अब्बांची ठाऊक होती, शेजारच्या पोरांचीसुद्धा ठाऊक होती. ती म्हणाली, जे उरेल ते खायची बिचारी. मी ताटावरून उठले. आम्हां तिघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. मला तेव्हा इतकं एकटं वाटलं, की आई पलीकडच्याच खोलीत आहे हे कळूनही ते कमी होईना. उलट त्यानेच ते वाढत होतं.

मी तिच्या अंथरुणाशी जाऊन बसले. मग विचारलं, अम्मी, चिकटी चिपकते म्हणालीस, ती कशाला चिपकते?

''फत्तर को,'' ती म्हणाली. ''पानी में फत्तर रहता ना. उसको.''

सगळा घोळ एका शब्दाचा होता. तापीकाठी हाताला चिकटते ती चिकटी आणि पहाडात दगडाला चिकटते ती चिकटी. आम्ही विचारायचो, चिपकते ना? ती खरंच सांगायची, हौ. दोन्ही बाजू खरं बोलत होत्या आणि मधल्या मध्ये बाई उपाशी राहत होती. मी सकाळी सुंदराबाईला विचारलं तर तिने कानावर हात ठेवले. ''मन्ही आक्खी उमर तापीवर गयी. फत्तरले चिकटनारी मासोयी मी नई देखी,'' म्हणाली आणि पाटीवर पाणी शिंपडायला लागली. अब्बांना सांगितलं तर त्यांनी हातातला हत्था खाली ठेवला. मग म्हणाले, निकाहच्या दिवशी तिच्या गावाखालच्या नाल्यावर त्यांनी नमाजासाठी हातपाय धुऊन वजू केली होती. पाणी फार जोराचं होतं आणि दगडच दगड होते. आणखी काही त्यांना आठवत नव्हतं. त्यांनी पिशवीत स्टीलचा झाकणाचा डबा घेतला, दुकानाची फळी लावली आणि आम्ही धडगावची एसटी धरली.

म्हसावद सोडलं की सपाटी संपते. केळी-ऊस मागे पडतो आणि रस्ता वळणं घेत चढायला लागतो. उन्हाळा होता, सागाची पानं गळालेली, डोंगर उघडे. पण प्रत्येक झोपडीपुढे कैरीच्या फोडी वाळत घातलेल्या, त्याचा आंबट वास थेट गाडीत येत होता. अब्बा खिडकीशी बसले होते. निकाहनंतर ते या रस्त्याने फार तर दोन-तीनदा आले असतील. त्यांनी मला हळूच विचारलं, तुला पावरा बोली येते का काही? मी म्हटलं, मला कुठून येणार. ते म्हणाले, हां, कहाँ से आएगी.

नानांचं दुकान आता दुसऱ्या कुणाचं होतं. आम्ही तिथे थांबलो नाही, सरळ खाली नाल्यावर गेलो. पाणी आटून अर्ध्यावर आलं होतं, पण उतारावर दगडांमधून अजून खळाळत होतं. अब्बांनी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि वाकून दगड उलटे करायला लागले. मी दुसऱ्या बाजूने. दगड उचलला की पाणी गढूळ व्हायचं आणि निवळेपर्यंत खाली काही नसायचं. एकदा काहीतरी सरसरत माझ्या घोट्यावरून गेलं. वरच्या बाजूला काही बाया कपडे धूत होत्या. पिंजाऱ्याची टोपी घातलेला एक माणूस आणि सलवार भिजलेली एक पोरगी नाल्यातले दगड उलथेपालथे करताहेत, हे पाहून त्या हसत होत्या. आम्हीही किती हास्यास्पद दिसत असू. शेवटी त्यांतली एक उठून जवळ आली. तिला थोडं मराठी येत होतं. काय हरवलं, असं तिने विचारलं. अब्बांनी नानांचं नाव सांगितलं, दुकान दाखवलं, म्हणाले, त्यांची मुलगी आजारी आहे, काही खात नाही, चिकटी मागते.

ती बाई अब्बांकडे पाहतच राहिली. म्हणाली, ''जैबी?''

अम्मीचं नाव जैबुन्निसा. आमच्याकडे तिला कुणी जैबी म्हणत नसे. आमच्याकडे तिला नावानेच कुणी हाक मारत नसे. ती बाई रेमली. दुकानाच्या मागच्या अंगाला तिचं घर होतं आणि दोघी त्याच नाल्यावर लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या. तिने जास्त काही विचारलं नाही. लुगडं खोचलं, जिथे पाणी सर्वांत जोरात पडत होतं तिथे गेली, आणि दगड न उचलता त्याच्या खालच्या बाजूने, पाण्याच्या उलट दिशेने तळहात सरकवला. मूठ वर आली तेव्हा तिच्यात बोटाएवढा एक मासा होता. तिने त्याला उताणा करून माझ्यासमोर धरला, बहुधा माझा चेहरा पाहून. पिवळट-तपकिरी, डोकं चपटं, पोट तर दगडावर घासून सपाट केल्यासारखं. मिशांच्या चार जोड्या. आणि गळ्याखाली, छातीवर, त्वचेच्या बारीक उभ्या घड्या. त्या घड्यांनी तो दगडाला धरून राहतो, म्हणून पाणी त्याला वाहून नेऊ शकत नाही. त्यानंतर मी तो मासा किती तरी नाल्यांत पाहिला, त्याच्यावर वर्गात पुष्कळ बोलले. पण अजूनही तो हातात आला की मी आधी त्याला तसाच उताणा करते.

रेमलीने आणखी काही मासे धरले, डब्यात पाणी घेतलं, एक ओला दगड ठेवला, वर मासे सोडले. ते लगेच दगडाला जाऊन लागले. अब्बांनी डबा घ्यायला हात पुढे केला, तर तिने दिला नाही. घरी जाऊन ती पदराला कसलीतरी पुरचुंडी बांधून आली, कुणाला तरी ओरडून काही सांगितलं आणि आमच्या आधी रस्त्यावर जाऊन उभी राहिली. लुगड्याचा काठ अजून ओला होता. परतीच्या गाडीत ती डबा मांडीवर घेऊन बसली. वळणावर पाणी हिंदकळलं की झाकण किलकिलं करून आत पाहायची.

आम्ही घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. अम्मी नेहमीसारखी भिंतीकडे तोंड करून निजलेली. रेमली सरळ आत गेली, अंथरुणाशी बसली आणि काहीतरी म्हणाली. लहानसं वाक्य होतं. अम्मी वळली. मी तिला एवढ्या झटक्याने वळताना आजारपणाच्या आधीही पाहिलं नव्हतं. तिने रेमलीचा चेहरा दोन्ही हातांत धरला, मग डब्यात हात घालून दगड बाहेर काढला. एक मासा दगडाला लटकून राहिला होता. ती हसली आणि बोलायला लागली.

रेमलीने चुलीचा ताबा घेतला. फुफी आधी दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. मग आत गेली, स्वतःचा पाट उचलून तिला बसायला दिला आणि बाजूला झाली. सालन कसलं ते, मीठ, ठेचलेली मिरची आणि पुरचुंडीतल्या कैरीच्या वाळक्या फोडी, बस. फुफीचा मसाल्याचा डबा उघडलाही नाही. अम्मीने ज्वारीची भाकरी त्यात कुस्करली आणि जेवली. बोटं चाटून जेवली. जेवताना बोलत होती, जेवण झाल्यावर बोलत होती. भरभर, मोठ्याने, हातवारे करून. मध्येच एखाद्याची नक्कल करायची आणि रेमली डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची. तिचा आवाजही निराळा होता, जरा वरच्या पट्टीतला, पोरीसारखा. अबोल म्हणे. माझी आई बडबडी होती.

मी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. आतलं एक अक्षर मला कळत नव्हतं. मला आनंद झाला होता, ती जगणार हे दिसत होतं, आणि तरीही मला रडू येत होतं. अब्बा बाहेर भरायला घेतलेल्या गादीवर बसले होते. त्यांनी मला जवळ बोलावून विचारलं, काय बोलते आहे? मी म्हटलं, मालूम नहीं. ते म्हणाले, मुझे भी नहीं. मग आम्ही दोघं तिथेच बसून ऐकत राहिलो.

रेमली दोन दिवस राहून गेली. अब्बांनी तिच्यासाठी नवी रजई भरली, ती तिने डोक्यावर घेतली आणि एसटीत चढली. त्यानंतर अम्मी बरी होत गेली, भिंत धरून चालायला लागली, पुन्हा खोळी शिवायला बसली. फुफी आता तिला वाढण्याआधी काय करू म्हणून विचारायची आणि अम्मी म्हणायची, कुछ भी. हौ, नको, रहने दो. घर पहिल्यासारखं झालं. मला ते सहन होईना. एका दुपारी ती दोरा ओवत असताना मी तिच्यासमोर जाऊन बसले आणि म्हटलं, मला तुझी ती पहाडातली बोली शिकव.

तिने सुई खाली ठेवली. ''सीख के किस से बोलेगी?''

''तुम से,'' मी म्हणाले.

ती माझ्याकडे पाहत राहिली. रागाने नाही, आणि प्रेमाने म्हणावं तर तसंही नाही. नवीन आलेल्या माणसाकडे आपण पाहतो तशी. मग म्हणाली, ''मेरे से किसी भी जबान में बोल, बेटा. बोल तो सही.''

मी तिच्या शेजारी सरकून बसले, आणि काय बोलावं ते मला सुचेना.